निर्माल्याचं खत

शेषरावाची गाडी त्या वर्षी आली ती अर्धीच भरलेली. वलगाव रस्त्यावरच्या ट्रस्टच्या जागेत ज्यांचे वाफे होते ते सगळे घमेली घेऊन फाटकाशी उभे होते. गाडीतलं शेणखत पाहून ते आधी गाडीकडे आणि मग एकमेकांकडे बघायला लागले.

"काय हो शेषराव, बाकीचं वाटेत सांडलं का?" इंदूबाईंनी विचारलं. सगळा जन्म नर्स म्हणून वॉर्डात घालवलेल्या बाई. हळू बोलायची त्यांना सवय नव्हती.

"सांडाले असाले तं पायजे, बाई." शेषरावानं बैलांच्या मानेवरचं जू उतरवलं. "गावात ढोरं किती राहिले ते पाहा एकदा येऊन. ज्याच्या घरी दोन जोड्या होत्या, त्याच्या घरी आता एक म्हैस बांधून हाये. नांगरटी ट्रॅक्टरनं करतेत. ट्रॅक्टर शेण देत असन तं सांगा, उद्याच आणतो."

"आणि भाव?"

भाव ऐकून गोवर्धन राऊतांनी टोपी काढली, डोकं पुसलं आणि टोपी परत घातली. मागच्या साली तेवढ्या पैशात दोन भरगच्च गाड्या आल्या होत्या.

"चांदूर बाजारचे संत्रावाले ट्रक घेऊन येतेत, जी. पुरा उकिरडा उचलतेत अन् रोख मोजतेत. ही अर्धी गाडी म्या तुमच्यासाठी लपवून ठेवली म्हणा. वकीलसायेबाचा लिहाज होता म्हणून."

वकीलसाहेबांचं नाव निघताच सगळ्यांच्या माना खाली गेल्या, आणि मग त्याच माना सावकाश चारुशीलाकडे वळल्या. ती सगळ्यांच्या मागे, नवंकोरं घमेलं हातात धरून उभी होती.

"आधी ताईंना द्या," गोवर्धन म्हणाले. कुणीतरी तिच्या हातातलं घमेलं काढून घेतलं, भरलं आणि तिला उचलू न देता थेट तिच्या वाफ्यापर्यंत नेऊन ओतलं. ती मागून रिकाम्या हातानं चालत गेली.

वाफा तिच्या वडिलांचा, गोपाळकृष्ण वकिलांचा होता. ट्रस्टला त्या जागेत शाळा बांधायची होती. शाळा काही झाली नाही. विहीर होती, विहिरीवर मोटर होती, म्हणून मग पाच-सहा निवृत्त मंडळींनी खटपट करून जमिनीचे वाफे पाडून घेतले. पुढे वाफे वाढले, वाफेवाले वाढले. रिवाज एकच होता. गुढीपाडव्याच्या सकाळी विहिरीवर सगळ्यांनी जमायचं आणि नावं पुन्हा घ्यायची. मधे कुणी वारलं तर घरच्यांनी पाडव्यापर्यंत वाफा कसावा, आणि पाडव्याला जमलेल्यांनी "असू द्या" म्हटलं तर तो त्यांच्याकडे राहावा. नाहीतर बाहेर थांबलेल्या माणसांपैकी एकाला द्यावा. कागदावर काही नव्हतं, पण मोडलंही कुणी नव्हतं.

वकील वैशाखात गेले. पाडवा अजून लांब होता, आणि चारुशीलाला तो वाफा हवा होता.

कशासाठी, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पुण्याहून तिचा भाऊ केदार फोनवर म्हणे, "ताई, भाजी काय बाजारात मिळत नाही? कशाला उन्हात जातेस?" ती म्हणे, "जाते आपली." ती कॉलेजच्या ग्रंथालयात होती, लग्न केलेलं नव्हतं, आणि घरात आता ती एकटी होती. पण एकटेपण म्हणजे तिला जे वाटलं होतं ते नव्हतं. शांतता तिला आवडायची. सगळा जन्म तिनं शांततेतच वाचत काढला होता. अडचण वेगळीच निघाली. घरात तिचं म्हणणं खोडून काढायला कुणी उरलं नव्हतं. पेपर दहा मिनिटांत वाचून व्हायचा. वरणात मीठ जास्त पडलं तर ते जास्तच राहायचं, त्यावर कुणाचं काही म्हणणं नसायचं.

वडील रोज सकाळी लूनावरून वाफ्यावर जायचे आणि आले की तिथली भांडणं सांगायचे. पाण्याची पाळी कुणी चुकवली, कुणाच्या भोपळ्याचा वेल कुणाच्या सांबारावर, म्हणजे कोथिंबिरीवर, चढला, सत्तार गादीवाला काय म्हणाला, त्यावर आपण काय म्हणालो. ती पुस्तकातून मान वर न काढता ऐकायची. अब्दुल सत्तार म्हणजे इतवाऱ्यात गाद्या भरायचं दुकान असलेले, शेजारच्या वाफ्याचे मालक. ते वकिलांना 'पंडत' म्हणत आणि वकील त्यांना 'खाँसाहेब' म्हणत, दोन्ही खोटं. एका वर्षी वकिलांनी स्वस्तात मिळालं म्हणून कोंबड्यांचं कच्चं खत आणलं, सगळ्यांनी ते वाटून घेतलं, आणि सगळ्यांच्या मिरच्या जळून गेल्या. तेव्हा सत्तारांनी विहिरीवर उभं राहून जे सुरू केलं ते महिनाभर चाललं होतं. "पंडत, तू वकील होता म्हणून लोकं जेलात गेले. आता मिरच्या पण गेल्या!" हे वडील घरी येऊन सांगत आणि हसता हसता त्यांना ठसका लागे.

ती गेली होती त्या आरडाओरड्यात आपल्यालाही जागा मिळेल म्हणून. आणि ती गेली की आवाज खाली येत. तिच्यासाठी कुठूनतरी एक खुर्ची आणली होती. "ताई, तुम्ही बसा, पाणी मी सोडतो." "ताई, उन्हात नका उभ्या राहू." तिच्या वाफ्यातलं तण तिच्या आधीच कुणीतरी काढून गेलेलं असे. ही सगळी चांगली माणसं होती, आणि तिला रोज घरी परतताना आपण पाहुणचाराला जाऊन आल्यासारखं वाटे.

ती सालंच वाईट होती. विश्रामगृहावर पाहणी करणाऱ्यांच्या गाड्या लागत, पेपरात गावोगावच्या शेतकरी आत्महत्यांचे आकडे येत. शहरातल्या या माणसांना त्या संकटाची धग लागली ती शेणाच्या भावातून, आणि ती इतकी लहान होती की बोलून दाखवायलाही संकोच वाटावा. पण वाफ्याला खत नाही म्हणजे भाजी नाही, हेही खरंच. अर्ध्या गाडीत प्रत्येकाला चार घमेली आली. रासायनिकाच्या पिशव्यांचे भाव तर विचारायचीही सोय नव्हती. दुकानातलं गांडूळखत छोट्या पाकिटात मिळे, आगपेटीसारखं. इंदूबाई म्हणाल्या, "त्यात काय होते? कुंडीतली तुळस जगते."

गणपती जवळ आले तेव्हा चारुशीलाला ते सुचलं. खत म्हणजे कुजलेला पालापाचोळा, आणि गावात पाचोळ्याचा सगळ्यात मोठा ढीग कधी पडतो, तर दहा दिवसांच्या गणपतीनंतर. हार, फुलं, पत्री, केळीचे खांब. सगळं नदीत नाहीतर विहिरीत जाणार. तिनं हे वाचलं होतं, कुठल्या कुठल्या गावांनी निर्माल्याचं खत केलं ते. जागेच्या कोपऱ्यातला सगळ्यांचा खताचा खड्डा रिकामाच होता. विहिरीवर तिनं ते सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच सगळे तिच्याकडे वळून ऐकत होते.

"फुकट?" गोवर्धननी विचारलं.

"फुकट. उलट लोक आशीर्वाद देतील. निर्माल्य कुठं टाकावं हीच तर पंचाईत असते."

"वा! म्हणजे वकीलसाहेबांचं डोकं आलं म्हणा लेकीत." गोवर्धन खूश झाले. "सत्तारभाई, काय म्हणता?"

सत्तार सुपारी कातरत होते. "चांगलं हाय," ते म्हणाले. "बेटानं चांगलं काढलं."

अनंत चतुर्दशीनंतरचे दोन दिवस ती आणि इंदूबाई ऑटो करून कॉलन्यांमधून फिरल्या. पोती भरभरून निर्माल्य आलं. बायका हात जोडून पोतं हवाली करत. दारातच चहा होई. इंदूबाई प्रत्येक घरी सांगत, "ही वकीलसाहेबांची मुलगी. हिचीच आयडिया." चारुशीलाच्या अंगाला झेंडूचा आणि कुजलेल्या केवड्याचा वास येत होता आणि ती दोन दिवस पुस्तकाला शिवली नाही.

खड्डा भरताना एक गोष्ट झाली. दरवर्षी खड्डा भरायचा म्हणजे तो तुडवायचा. पाचोळ्याचा थर, शेणकाल्याचा थर, आणि मग दोघातिघांनी आत उतरून नाचल्यासारखं तुडवायचं, म्हणजे सगळं एकमेकांना चिकटतं, तापतं आणि कुजतं. हे काम सत्तारांचं आणि वकिलांचं होतं. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून दोघं म्हातारे खड्ड्यात फेर धरत. त्या दिवशी सत्तारांनी सवयीनं चपला काढल्या, पायजमा वर खोचला आणि खड्ड्याच्या काठाशी आले. खाली झेंडूचे हार होते, जास्वंदी होत्या, गुलाल लागलेली पत्री होती. ते क्षणभर थांबले आणि परत जाऊन चपला घालून आले.

दुसरंही कुणी उतरलं नाही. देवाच्या निर्माल्याला पाय कोण लावणार? गोवर्धननी बांबूनं वरवर टोचल्यासारखं केलं. इंदूबाईंनी शेणाचं पाणी शिंपडलं. "देवाचंच हाय, तो कुजवून घेईल," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

सत्तार काठावर उकिडवे बसून पोत्यातून सांडलेलं गोळा करत होते. दुर्वांची एक जुडी त्यांच्या हातात आली. त्यांनी ती उलटी करून खालची बाजू पाहिली, बोटानं चाचपली. चारुशीलाचं लक्ष गेलं.

"काय झालं, चाचा?"

"काही नाही, बेटा. ताजी हाय." त्यांनी जुडी अलगद, फुलं ठेवावीत तशी, खड्ड्यात ठेवली.

पौषात खड्डा उघडला. वरचं काळंभोर, चहाच्या भुकटीसारखं. वासही मातीचा. खरं म्हणजे ते चाळून घ्यायला हवं होतं, पण त्यात चाळायला काही खडे-काटक्या नव्हत्या, फक्त हारांचे दोरे होते. ते हातानं ओढून काढले की झालं. प्रत्येकाच्या वाफ्यात दहा-दहा घमेली पडली. गोवर्धननी मूठभर उचलून नाकाला लावलं. "अत्तर हाय, अत्तर!" चारुशीलाला त्या दिवशी कुणी खुर्ची दिली नाही. घाईत विसरले असतील. तिनं स्वतःची घमेली स्वतः वाहिली आणि रात्री खांदे दुखत असताना तिला वाटलं, पाडव्याचं आता काही कठीण नाही.

भेंडी आणि गवार उगवली, काकडीनं दोन पानं काढली, आणि त्यांच्या मधून दुसरंही काही उगवलं. आधी बारीक हिरव्या सुया. मग त्या सुया आडव्या पसरायला लागल्या आणि पेरापेराला मुळं धरायला लागल्या. इंदूबाईंनी उपटलं, चार दिवसांनी दुप्पट आलं. सत्तारांचा पुदिना तर पंधरवड्यात दिसेनासा झाला.

एके सकाळी गोवर्धननी आपल्या वाफ्यात खुरपं खोल घालून एक मोठा झुबका उपटला आणि झटकला. माती खाली पडली आणि झुबका सगळ्यांना नीट दिसला. हराळी होती, मुळं वीतभर लांब, पांढरीफेक. आणि तिच्या मधोमध, कमरेला बांधावा तसा, एक लाल दोरा होता. एकवीस दुर्वांची जुडी. देवाच्या डोक्यावरून उतरून, चार महिने खड्ड्यात काढून, ती जशीच्या तशी रुजली होती.

दुर्वा म्हणजे हराळी हे तिथे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. शेतात एकदा शिरली की पिढी खपते आणि ती खपत नाही, हे वऱ्हाडात लहान मुलालाही ठाऊक असतं. पण ताटात ठेवलेली जुडी पाहून कुणाला शेत आठवत नाही. बाजारात गणपतीच्या दिवसांत दुर्वा मुळासकट उपटून आणतात आणि ढिगानं विकतात, हेही चारुशीलानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. खड्डा तुडवला असता, तापला असता, तर ती मेली असती. आपण तो मऊ अंथरुणासारखा ठेवला.

ती झुबक्याकडे बघत उभी राहिली आणि वाट बघत राहिली. आता कुणीतरी ओरडेल. सगळ्यांचे वाफे गेले होते; मिरच्या एका हंगामाच्या होत्या, हे कित्येक वर्षांचं होतं. तिनं मनात उत्तरही तयार केलं. होय, माझी चूक आहे, मी बघायला हवं होतं.

"चालायचंच," गोवर्धन म्हणाले आणि झुबका बांधावर ठेवला.

"तुमी काय मुद्दाम केलं का, ताई," इंदूबाई म्हणाल्या. त्यासुद्धा हळू आवाजात म्हणाल्या.

"देवाचंच हाय," आणखी कुणी म्हणालं. या वेळी कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा खुर्ची पुन्हा मांडलेली होती.

पाडव्यापर्यंतचे दिवस तिनं कसेबसे काढले. वाफा जाणार हे तिनं गृहीत धरलं होतं. ती तिथे काय म्हणणार हे तिनं ठरवूनही ठेवलं: हराळी खणायला मजूर लावा, मजुरी मी देते, वाफा राहिला नाही तरी देते. पाडव्याच्या सकाळी ती विहिरीवर गेली तेव्हा कडुलिंबाच्या सावलीत सगळे आधीच जमले होते. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. सत्तार मोटरच्या खोलीच्या पायरीवर बसले होते.

गोवर्धननी घसा साफ केला. "पयले वकीलसाहेबांचा वाफा घेऊ. चारुशीलाताईंचं नाव. कुणाचं काही म्हणणं?"

कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. "असू द्या," इंदूबाई म्हणाल्या. "असू द्या," बाकीचे म्हणाले. इतक्या झटपट झालं की तिला आपलं भाषण सुरूही करता आलं नाही. तिनं हात जोडले.

"आता इंदूबाई."

"माझं काढा, राऊतजी." इंदूबाई पदरानं मान पुसत म्हणाल्या. "खत घ्याव तं परवडत नाही, मोटरचं बिल वाढलं, अन् वरून ही हराळी. या वयात मी कुठं कुठं खणू?"

"काढतो. मी पण काढून राहिलो माझं," गोवर्धन म्हणाले. "पोरगा म्हणते गच्चीवर कुंड्या लावून देतो. तुळस तं तुळस."

मग एकेक करत नावं निघत गेली. कुणी मुलीच्या बाळंतपणाचं कारण सांगितलं, कुणी गुडघ्यांचं. हराळीचं नाव इंदूबाईंनंतर कुणी घेतलं नाही. सगळ्यांनी तिच्याकडे न बघता ते टाळलं. बाहेर थांबलेली जी दोन-तीन माणसं वाफ्यासाठी आली होती, ती बांधावरून एक चक्कर मारून परत गेली. चारुशीलाला हळूहळू उमगत गेलं. तिच्या वाफ्याला कुणी हरकत घेतली नाही, कारण हरकत घ्यावी असं तिथे आता काही उरलं नव्हतं.

"सत्तारभाई?"

सत्तार उठून उभे राहिले. "माझं बी काढा. पोरगा तनवीर अकोल्याले बोलावून राहिला. घरवालीचे, नईमाचे गुडघे गेले, जिना चढणं होत नाही तिले. दुकान तं मागंच बंद केलं."

कुणी साखरेची गाठी वाटली. ती तोंडात ठेवून लोक आपापल्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ती उजाडताच आली. कुणी नव्हतं. खुर्ची होती, तिनं ती उचलून मोटरच्या खोलीत ठेवली आणि कुदळ घेऊन आपल्या वाफ्याच्या पूर्वेच्या कडेला बसली. हराळी वरवर उपटून उपयोग नसतो. खाली पांढऱ्या काश्या, म्हणजे मुळांसारख्या लांब दोऱ्या, जातात, त्या अखंड ओढून काढायच्या, तुटलेला तुकडा राहिला तर तो पुन्हा फुटतो. काढलेल्या काश्या उन्हात पसरायच्या. एवढं तिला समजलं होतं.

सूर्य विहिरीच्या वर आला तेव्हा फाटक वाजलं. सत्तार आपलं पावडं आणि दोन घमेली न्यायला आले होते. मोटरच्या खोलीतून दोन्ही उचलून ते आपल्या वाफ्यात न जाता तिच्याजवळ येऊन उभे राहिले.

"दुपारच्या एसटीनं जाऊन राहिलो, बेटा. सामान टेम्पोनं गेलं."

"हो का." ती उठली नाही.

ते पावडं खाली ठेवून तिच्यासमोर बसले आणि त्यांनी एक काशी हातात धरून मातीत माग काढायला सुरुवात केली.

"मले दिसलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"जुडी. खाली मुळं होते तिले. ओली होती. मले त्याच दिवशी समजलं की हे उगवते."

तिचे हात थांबले. त्यांनी जुडी उलटी करून पाहिली होती, ते तिला आठवलं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

सत्तारांनी काशी ओढली. ती तुटली. त्यांनी बोट घालून उरलेला तुकडा शोधला.

"तुमच्या देवाचे फुलं. त्यातून हे काढा, ते फेका, हे मी कसं बोलू? आमच्यासाठी दिवस कसे हायेत, तुले मालूम नाही का? पेपर तं तू वाचते."

"बाबा असते तर?"

"तुझा बाप असता तं काय!" सत्तार पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. "त्याले मी म्हटलं असतं, पंडत, आंधळा झाला का, हराळी पेरून राहिला का? त्यानं मले चार ऐकवल्या असत्या अन् मग जुड्या वेचत बसला असता. तो खड्ड्यातही उतरला असता. म्हटला असता, देवाची पायधूळ आपण घेतो, एक दिवस आपली देव घेईन."

हे वडील नक्की म्हणाले असते. चारुशीलाला त्यांचा आवाज ऐकू आला आणि त्याबरोबर तिच्या आत काहीतरी सुटलं. तिनं कुदळ फेकली.

"मग मला का नाही म्हणालात? मी काय काचेची होते? सहा महिने, चाचा! खड्डा भरताना म्हणायचं नव्हतं तर उघडताना म्हणायचं. वाफ्यात टाकताना म्हणायचं. तुमचा स्वतःचा पुदिना गेला तरी तुम्ही गप्प! बाबांना शिव्या आणि मला खुर्ची!"

तिला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. कडुलिंबावरचे बगळे उडाले.

सत्तारांनी हातातली माती झटकली. त्यांचे कान लाल झाले होते. "मले कायले बोलून राहिली? तू पुस्तकं वाचते ना एवढे? त्यात लिहिलं नव्हतं का, खड्डा तुडवा म्हणून? तू काहून नाही उतरली खड्ड्यात?"

"देवाच्या फुलांवर पाय देऊ?"

"बस्स! मग मी देऊ का पाय?"

"तुम्ही सांगायला तरी हवं होतं!"

"अन् मी सांगतलं असतं तं काय झालं असतं? तू ऐकलं असतं. हाव, तू ऐकलंच असतं. पण बाकीचे सगळे गप्प बसले असते. समजलं का? मंग मी विहिरीवर येऊन पाणी कसं सोडलं असतं, सांग मले!"

ते दोघंही धापा टाकत, समोरासमोर, मातीत बसून होते. मग सत्तारांनी तिनं फेकलेली कुदळ हात लांब करून ओढून घेतली आणि तिच्या पुढ्यात टाकली.

"अन् कुदळ अशी फेकत नसते. दांडा तुटला तं नवा दांडा कोण देते, तुझा बाप?"

"तुमचं पावडं घेईन," ती म्हणाली.

"घे. अकोल्यात मी काय फरशी खणू?"

ते अर्धा तास तसेच खणत राहिले, एकमेकांच्या चुका काढत. तिनं काशी तोडली की ते म्हणत, "तोडली पाहा." त्यांनी तोडली की ती म्हणे. मग त्यांनी वर सूर्याकडे पाहिलं, गुडघ्यांवर हात टेकून उठले, विहिरीवर हातपाय धुतले. घमेली घेतली, पावडं ठेवलं. फाटकाशी वळून त्यांनी हात थोडासा वर केला आणि ते गेले. ऑटोचा आवाज वलगाव रस्त्यावरून गावाच्या बाजूला दूर होत गेला.

त्या दिवशी तिनं ऊन चढेपर्यंत काम केलं. पुढच्या सकाळी आणि त्याच्या पुढच्या सकाळीही ती आली. तिचा वाफा बऱ्यापैकी साफ झाला. पण पूर्वेच्या कडेला रोज नवा हिरवा सुळका येत राहिला, आणि तिनं त्याचा माग काढला तेव्हा काशी बांधाखालून सत्तारांच्या वाफ्यात गेलेली होती. तिथून ती पलीकडे इंदूबाईंच्या वाफ्यात गेली असणार. एक वाफा ठेवायचा तर सगळे खणावे लागणार होते.

ती बांध ओलांडून सत्तारांच्या वाफ्यात जाऊन बसली. वाळलेल्या पुदिन्याच्या काड्या बाजूला केल्या आणि पावडं जमिनीत घातलं. तेव्हा तिला सत्तारांच्या त्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर सुचलं. अगदी साधं होतं. इतके दिवस कसं सुचलं नाही याचं तिला आश्चर्य वाटलं.

"गप्प बसले असते तर बसले असते, चाचा," ती मोठ्यानं म्हणाली. "आपण दोघं बोललो असतो."

आवाज विहिरीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग एक काशी बोटात धरली आणि ती तुटू न देता, हलक्या हातानं, पुढे ओढत नेली.